लघवीचं कल्चर आणि दोन उरलेल्या गोळ्या

दहावीच्या पेपरला सुपरविजन असलं की तीन तास वर्ग सोडता येत नाही. म्हणून सकाळपासून पाणीच प्यायचं नाही, ही आमच्या स्टाफरूममधल्या बायकांची जुनी युक्ती. यंदा मार्चमध्ये ती मला चांगलीच महागात पडली.

आधी वाटलं, उन्हाळी लागली. दर वीस मिनिटांनी जावंसं वाटायचं आणि गेल्यावर चार थेंब, तेही निखाऱ्यासारखे. सासूबाईंनी धणे-जिऱ्याचं पाणी दिलं. तिसऱ्या दिवशी लघवी गढूळ, उग्र वास, ओटीपोटात कळ. मग कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेले. दुकानात चार गिऱ्हाइकं उभी, त्यामुळे 'लघवीला जळजळतंय' हे जवळजवळ कुजबुजतच सांगितलं. त्याने सहा गोळ्या आणि एक सिरप दिलं. दोन दिवसांत बरं वाटलं, उरलेल्या दोन गोळ्या ड्रॉवरमध्ये गेल्या.

आठवड्याच्या आत सगळं परत सुरू.

आता मात्र डॉक्टर मॅडम गाठल्या. थंडी वाजून ताप येतो का, बरगडीखाली पाठीत दुखतं का, उलट्या, शुगर, पाळी चुकली का, असं सगळं त्यांनी विचारलं. ताप आणि पाठदुखी असती तर जंतू मूत्रपिंडापर्यंत गेल्याची शंका घ्यावी लागली असती, म्हणाल्या. गोळी लगेच लिहिली आणि लघवीचं कल्चरही, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून तो कोणता आणि कोणत्या औषधाने मरतो ते पाहायची तपासणी. पण बजावलं, "आधी सॅम्पल द्यायचं, मगच पहिली गोळी."

सॅम्पल देणं हीच एक परीक्षा. लॅबची निर्जंतुक बाटली, झाकणाच्या आत बोट लावायचं नाही. आधी पाण्याने स्वच्छ धुवायचं, सुरुवातीची धार सोडून द्यायची आणि मधली बाटलीत धरायची. तासाभरात पोचवा, नाहीतर फ्रीजमध्ये ठेवा, असं लॅबवाली म्हणाली. फ्रीजमध्ये? कोथिंबिरीच्या शेजारी? मी सरळ रिक्षा केली.

नायट्रोफ्युरँटॉइन, १०० मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर, ५ दिवस. मूत्रपिंडाचं काम नीट असेल तरच ही गोळी देतात, त्यामुळे ते दाखवणारी क्रिएटिनिनची रक्ततपासणीही केली. लघवी गडद पिवळी होईल, घाबरू नका, हे आधीच सांगितलं ते बरं केलं, कारण रंग पाहून मी खरंच दचकले असते. आणि सिरप बंद! त्याने लघवीची आम्लता कमी होते, म्हणून जळजळ थांबते, पण या गोळीचा जोरही कमी होतो. मागच्या वेळी बरं वाटलं ते बहुधा त्या सिरपमुळेच.

तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. ई. कोलाय, एका मिलिलिटरमध्ये १,००,००० हून जास्त. म्हणजे आपल्याच आतड्यातला जंतू. बायकांची मूत्रनलिका जेमतेम ४ सेंटिमीटरची, त्याला वर चढायला कितीसा वेळ? खाली औषधांची यादी, प्रत्येकापुढे 'एस' किंवा 'आर'. 'एस' म्हणजे औषध लागू पडतं, 'आर' म्हणजे जंतू त्या औषधाला जुमानत नाही. नायट्रोफ्युरँटॉइनपुढे 'एस' होतं. नॉरफ्लॉक्सासिनपुढे 'आर'. ड्रॉवर उघडून त्या दोन गोळ्यांची स्ट्रिप पाहिली. नॉरफ्लॉक्सासिन.

नवी गोळी सुरू केल्याच्या दुसऱ्याच दिवशी जळजळ गेली होती, तरी या वेळी पाचही दिवस पूर्ण केले. त्रास नसेल तर परत कल्चरची गरज नाही, असं मॅडम म्हणाल्या.

शेवटच्या पेपरला मी पाण्याची बाटली घेऊनच वर्गात गेले आणि मध्ये दहा मिनिटांसाठी रिलीव्हर मागितला. केंद्रसंचालकांनी लगेच पाठवला. वर म्हणाले, "मॅडम, आजवर कुणी मागितलाच नाही."