जुळलं कसं?

एवढं दोनच शब्द बोलले सर, आणि फोन आला म्हणून बाहेर गेले. "जुळलं कसं?" त्यापेक्षा रागावले असते तर बरं झालं असतं.

सकाळी मी नाचायचीच बाकी होते. समुद्रतळाचा तोच चिखल, त्यातलं पाणी दोन रीतींनी मोजलं, न्यूट्रॉन सोडून मोजणाऱ्या प्रोबचा आकडा आणि ओव्हनमध्ये वाळवून काढलेला आकडा जवळजवळ सारखे! ओव्हनचं सॅम्पल १०५ डिग्रीला २४ तास, वजनं तीन तीनदा घेतलेली. पाणी १०० टक्क्यांच्या वर (आई म्हणते असं कसं, अगं कोरड्या मातीच्या वजनाने भागतात, जाऊ दे).

जुळलं कसं. संध्याकाळपासून डोक्यात तेच. प्रोबला पाणी दिसतच नाही हे नवीन पोरांना मीच ऐटीत सांगते की. अमेरिशियम-बेरिलियमच्या सोर्समधून वेगवान न्यूट्रॉन सुटतात, हायड्रोजनवर आपटून मंदावतात, साधारण १८ धडकांत गार, कार्बनवर शंभराच्या वर लागतात, आणि आपण ते मंदावलेले मोजतो. म्हणजे मोजतो हायड्रोजन. आता चिकणमातीच्या खनिजांत हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) घट्ट बसलेलं, ते १०५ ला हलत पण नाही, पण प्रोब त्यालाही पाणीच धरतो, आकडा फुगतो. उलट समुद्राच्या पाण्यातला क्लोरीन मंद न्यूट्रॉन गिळून टाकतो, आकडा पडतो. आणि मी प्रोबचं कॅलिब्रेशन, म्हणजे कुठला आकडा म्हणजे किती पाणी हे ठरवणं, केलं कशात, तर गोड्या पाण्याच्या वाळूत, जिथे ना चिकणमाती ना मीठ!

दोन चुकांनी एकमेकींना खाल्लं आणि मधल्या मध्ये मी हुशार ठरले. ओव्हनचं तरी काय, पाणी उडालं तरी मीठ मागे राहतं, ते मी मातीच्याच वजनात धरलं.

चुकल्याचं एवढं नाही वाटत. आकडे फाकले असते तर रात्रभर कारण शोधत बसले असते ना, जुळले म्हणून एकदाही शंका नाही आली, उलट लगेच फोटो काढून एकाला पाठवला. त्याने अजून उघडला पण नाहीये, ते वेगळंच.

असो. अमेरिशियमचं हाफ लाइफ ४३२ वर्षं, सोर्सला कसलीच घाई नाही, मलाच होती. उद्या तीच वाळू खाऱ्या पाण्याने भिजवायची, किलोला ३५ ग्रॅम मीठ, आणि पहिल्यापासून सुरू. सरांनी परत विचारलं तर सांगून टाकणार, नशिबाने जुळलं सर. हसतील बहुतेक.

आकडे आता फाकणार. फाकू देत.