आधी प्रश्नपत्रिका, मग व्हिडिओ

पुण्यात सदाशिव पेठ, नवी पेठ इथल्या अभ्यासिकांत एमपीएससीची तयारी करणाऱ्या मुलांनी सकाळी सातलाच जागा धरलेली असते. पुस्तक उघडं असतं आणि कानात टॉपरची मुलाखत चालू असते. बुकलिस्ट, शेवटचे ९० दिवस, चालू घडामोडींच्या नोट्स कशा काढाव्यात. ही मुलं आळशी नसतात, दहा-दहा तास बसतात. म्हणूनच गफलत लवकर लक्षात येत नाही. व्हिडिओ संपला की अभ्यास झाल्यासारखं वाटतं, आणि ते वाटणंच घात करतं.

कार्डास आणि ओब्रायन या संशोधकांनी २०१८ मध्ये लोकांना मूनवॉक, डार्ट फेकणं अशा गोष्टींचे व्हिडिओ दाखवले. तोच व्हिडिओ वीस वेळा बघणाऱ्यांचा 'मला हे जमेल' हा विश्वास वाढला, पण करायला लावल्यावर ते एकदाच बघणाऱ्यांपेक्षा सरस ठरले नाहीत. रोडिगर आणि कार्पिके यांचा २००६ चा प्रयोग अभ्यासाच्या आणखी जवळचा आहे. उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना आठवड्यानंतर त्यातला सुमारे ४० टक्के मजकूर आठवला. एकदा वाचून मग तीनदा आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के आठवला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत मात्र वाचणारेच पुढे होते. म्हणजे आज रात्री ज्या पद्धतीने समाधान मिळतं, तीच परीक्षेच्या दिवशी दगा देते.

म्हणून क्रम उलटा करा. राज्यसेवा पूर्व परीक्षेच्या जुन्या प्रश्नपत्रिका आणि अंतिम उत्तरतालिका महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या (एमपीएससी) संकेतस्थळावर आहेत. त्या छापून घ्या, मोबाइलवर सोडवू नका. सामान्य अध्ययनाच्या पेपरला १०० प्रश्न आणि १२० मिनिटं असतात. त्या हिशेबाने रोज सकाळी, फोन हातात घ्यायच्या आधी, ३० मिनिटांत २५ प्रश्न. विषय 'अजून झालेला नाही' म्हणून टाळू नका.

तपासताना गुण मोजून वही मिटायची नाही. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे कारण लिहा: वाचलंच नव्हतं, वाचलं होतं पण आठवलं नाही, प्रश्न नीट वाचला नाही, अंदाज चुकला. खरं काम इथेच आहे, त्याला तासभर लागला तरी लागू द्या. 'आठवलं नाही' या रकान्याला नवं पुस्तक लागत नाही. तेच पान मिटून कोऱ्या कागदावर उतरवायचं असतं. 'नीट वाचला नाही' हे बहुतेकदा 'अयोग्य विधान ओळखा'सारख्या प्रश्नांत होतं, तिथे 'अयोग्य' या शब्दाखाली रेघ मारायची सवय लावा. अंदाजाची किंमतही मांडून बघा: प्रश्नाला दोन गुण धरून ६० बरोबर आणि ४० चूक असतील तर १२० मधून २० गुण जातात, कारण दर चुकीमागे प्रश्नाचे पाव गुण कापले जातात.

व्हिडिओची गरज पडते ती फक्त 'वाचलंच नव्हतं' या पहिल्या रकान्यासाठी, तीही संकल्पना पुस्तकातून कळली नाही तरच. शोधायच्या आधी प्रश्न कागदावर लिहा, उदाहरणार्थ 'रेपो दर वाढला की रोख्यांची किंमत का पडते?' उत्तर मिळालं की व्हिडिओ तिथेच थांबवा आणि चार ओळी न बघता लिहा. यूट्यूबच्या सेटिंगमध्ये जाऊन पाहण्याचा इतिहास पुसून बंद केला, की मुख्य पानावर सुचवलेले व्हिडिओ येणं थांबतं. ऑटोप्लेही बंद करा. निश्चयाच्या भरवशावर राहण्यापेक्षा हे दोन मिनिटांचं काम फार उपयोगी पडतं.

बुकलिस्ट एकदाच ठरवा आणि परीक्षा होईपर्यंत बदलू नका. दर मुलाखतीनंतर एक पुस्तक वाढलं, की एकाचीही दुसरी उजळणी होत नाही.

मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे, त्यामुळे उत्तरलेखनाचे व्हिडिओही भरपूर आलेत. सात मिनिटं लावून दीडशे शब्द हाताने लिहून बघा. प्रस्तावनेतच तीन मिनिटं जातात, मुद्दे डोक्यात असून कागदावर येत नाहीत, अक्षर बिघडतं. हे बघून कळत नाही, लिहूनच कळतं.

पहिल्या दिवशी २५ पैकी आठच बरोबर आले तर त्या कागदावर तारीख घालून ठेवा. महिन्याने तेच २५ प्रश्न पुन्हा सोडवा, आणि दोन्ही कागदांवरचे 'आठवलं नाही'चे आकडे शेजारी ठेवून बघा.