५१८ नंबरची बस

दक्षिण कोरियातल्या ग्वांग्जूला येऊन दीड वर्ष झालं, पण ५१८ नंबरच्या बसचा अर्थ परवा कळला. इथे महिना आधी, मग दिवस: ५-१८, म्हणजे १८ मे १९८०. लष्करी कायद्याविरुद्ध इथले विद्यार्थी रस्त्यावर आले, शहर त्यांच्यामागे गेलं अन् २७ मेच्या पहाटे फौजेनं सगळं मोडून काढलं. ही बस त्या मेलेल्यांच्या दफनभूमीपर्यंत जाते. म्हणजे भाजीच्या पिशव्या घेऊन लोक रोज त्या तारखेत चढतात, उतरतात. मला हे इतकं आवडलं की रागच आला. आमच्या एसटीवर नुसतं 'चिमूर'.

ऑफिसातल्या ताईंनी विचारलं, "तुमच्याकडे असं काही?" मग मी सुरूच झालो. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमी, तुकडोजी महाराजांच्या भजनांनी पेटलेलं चिमूर, गोळीबारात गेलेला १६ वर्षांचा बालाजी रायपूरकर, त्याच दिवशी तिकडे वर्ध्याच्या आष्टीतही उठाव. जमावानं अधिकारी मारले, ते मात्र गाळलं. पाहुण्यांपुढे कोण सांगतं?

त्यांनी शांतपणे विचारलं, "मग फौज आली तेव्हा बायकांचं काय झालं?"

इथे सैनिकांनी केलेल्या बलात्कारांबद्दल २०१८ मध्ये संरक्षणमंत्र्यांनी जाहीर माफी मागितली होती. म्हणून त्यांना विचारायचं सुचलं. मी गांधीजींचे सहकारी प्रा. भन्साळी यांचा साठहून जास्त दिवसांचा उपवास सांगितला, तो चिमूरच्या बायकांवरच्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणूनच होता.

"मग त्या बायकांची नावं?"

मी म्हटलं, आमच्यात अशी नावं घेत नाहीत, अब्रू राखतो. शिवाय तुमची फौज तुमचीच होती, माफी मागायला माणूस जागेवर होता. आमचे साहेब बोटीत बसून गेले. हे बोलताना बरं वाटलं. घरी येईपर्यंत टिकलं नाही.

आजी बेचाळीसमध्ये नऊ वर्षांची होती. पंचमी सरली की चार-पाच रात्री ती कडी लावून वर दाराला मुसळ टेकवायची. खिडकीही बंद. ऑगस्टच्या दमट उकाड्यात आम्ही पोरं घामानं भिजायचो.

"काऊन वं आजी?"

"कुत्रं येते. झोप."

कुत्र्यासाठी कडी पुरते, हे मला तेव्हाही कळत होतं. पण पुढं विचारलं नाही. आता ती नाही.

काल आईला फोनवर विचारलं, ते मुसळ कुठंय?

"असन कुठी अडगळीत. तुले काय करा लागते त्याचं?"