हाडातली फट कशाने भरायची?

मोडलेले हाड बहुतेक वेळा आपले आपणच जुळते. प्लास्टर असो, प्लेट-स्क्रू असोत की नळीच्या हाडात आतून घातलेला रॉड असो, या सर्वांचे काम हाडाची दोन टोके न हलता समोरासमोर धरून ठेवणे एवढेच असते. सांधण्याचे काम शरीर करते. अडचण येते ती हाडाचा तुकडाच नाहीसा झाला तर. रात्री घसरलेल्या दुचाकीखाली नडगीचा चुरा झालेला तरुण, माडावरून पडलेला पाडेली, तंबाखूपायी जबड्याचा भाग गमावलेला गृहस्थ, संसर्गाने मेलेले हाड कापून काढावे लागलेला मधुमेही, असे रुग्ण गोव्यात बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात (गोमेकॉत) सकाळभर बसणाऱ्याच्या नजरेतून सुटणार नाहीत. एक्स-रेत दिसणारी ती काळी फट दोन-तीन सेंटिमीटरच्या पुढे गेली की शरीर सहसा ती स्वतःहून भरून काढत नाही. मग ती कशाने भरायची, या प्रश्नावर गेली सव्वाशे वर्षे जे संशोधन चालले आहे, त्याची दिशा मला एकाच शब्दात सांगायची झाली तर मी ‘वेळ’ हा शब्द निवडेन. भरलेले द्रव्य किती मजबूत आहे यापेक्षा ते किती दिवसांनी नाहीसे होते, यावरच त्याचे यशापयश ठरत आले आहे.

मी आयुष्यभर उच्च माध्यमिक विद्यालयात रसायनशास्त्र शिकवले. डॉक्टर मी नव्हे. पण डिचोलीच्या माझ्या पुतण्याच्या नडगीमुळे या विषयात शिरलो आणि कॅल्शियमची इतकी जुनी ओळख असूनही ते इथे किती निराळे वागते हे पाहून गुंतत गेलो.

हाडाच्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग खनिजाचा असतो. ते खनिज म्हणजे हायड्रॉक्सिअपेटाइटच्या जातीचे कॅल्शियम फॉस्फेट; उरलेल्यात मुख्यतः कोलॅजेन हे प्रथिन आणि पाणी. खनिजामुळे कडकपणा येतो आणि कोलॅजेनमुळे हाड खडूसारखे तडकत नाही. परंतु यापेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी की हाड कधीच तयार होऊन थांबत नाही. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी जुने हाड विरघळवत असतात, त्यांच्या मागोमाग ऑस्टिओब्लास्ट नवे रचत असतात, आणि कुठे रचायचे व कुठे सोडून द्यायचे हे त्या भागावर पडणाऱ्या भारावरून ठरते. हा नियम यूलिउस व्होल्फ या जर्मन शल्यविशारदाने 1892 मध्ये मांडला. फटीत भरलेले कोणतेही द्रव्य या अखंड मोडतोडीत सामील होऊ शकले पाहिजे. स्लॅबचे सेंटरिंग लवकर काढले तर स्लॅब खाली येतो आणि काढलेच नाही तर खोली वापरता येत नाही; हाडभरणीच्या द्रव्याचे दुखणे नेमके हेच आहे.

सर्वांत उत्तम भरण कोणते, याचे उत्तर आजही रुग्णाचे स्वतःचे हाड असेच आहे. कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेतून, जिथे आपण हात टेकवून उभे राहतो तिथून, शल्यविशारद मऊसर, जाळीदार हाड खरवडून काढतात. त्यात सांगाडा असतो, जिवंत पेशी असतात आणि नवे हाड घडवण्याचा संदेश देणारी प्रथिनेही असतात. त्रुटी दोनच, पण मोठ्या: ते मोजकेच मिळते, आणि पाय बरा झाल्यावरही कंबर दुखत राहते अशी तक्रार घेऊन बरेच रुग्ण येतात.

दुसऱ्याचे हाड वापरण्याचा इतिहास मात्र मोठा रंजक आहे. डच शल्यविशारद योब व्हान मेकरेन याने 1668 मध्ये नोंदवलेल्या हकिकतीनुसार एका रशियन सैनिकाच्या कवटीतले छिद्र कुत्र्याच्या हाडाने बुजवले गेले. चर्चला ते मानवले नाही, तेव्हा सैनिक ते काढून घ्यायला आला, पण तोवर हाड इतके घट्ट धरले होते की काढता येईना, असे सांगतात. खरेखोटे बाजूला ठेवू. 1880 च्या सुमारास ग्लासगोत विल्यम मॅकइवेन यांनी एका लहान मुलाच्या दंडाचे हाड दुसऱ्या मुलांच्या हाडांच्या तुकड्यांनी उभारले, ती नोंद मात्र पक्की आहे. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाची ऊतिपेढी 1988 पासून दान केलेली हाडे गोठवून वाळवते आणि गॅमा किरणांनी निर्जंतुक करते. या प्रक्रियेत पेशी मरतात, सांगाडा तेवढा उरतो.

कृत्रिम द्रव्यांची सुरुवात साध्या प्लास्टर ऑफ पॅरिसपासून झाली. 1892 मध्ये जर्मनीत ड्रेसमान यांनी हाडातल्या पोकळ्या कॅल्शियम सल्फेटने भरल्या. शरीराला ते बाधत नाही, पण काही आठवड्यांतच विरघळते, आणि हाड तर एवढ्या घाईने येत नाही. आज त्याचा मुख्य उपयोग निराळा आहे: त्याच्या मण्यांत प्रतिजैविक मिसळून ते संसर्ग झालेल्या पोकळीत ठेवतात, म्हणजे मणी विरघळतील तसे औषध जागच्या जागी सुटत राहते. लवकर जाण्याचा दोष इथे गुण ठरला आहे. हायड्रॉक्सिअपेटाइट दुसऱ्या टोकाला. भट्टीत भाजून घट्ट केलेले हे द्रव्य रासायनिकदृष्ट्या हाडाच्या इतके जवळचे की नवे हाड त्याला बिलगून वाढते, पण ते स्वतः वर्षानुवर्षे तसेच राहते. ट्रायकॅल्शियम फॉस्फेटचे बीटा रूप या दोहोंच्या मधले. म्हणून बाजारातल्या अनेक भरणांत दोन्ही फॉस्फेटे मिसळलेली असतात, आणि मिश्रणाचे प्रमाण बदलून द्रव्य जाण्याचा वेग जुळवला जातो. अर्थात हे सगळे ठिसूळ असते; त्यावर भार देता येत नाही, भार प्लेट किंवा रॉडनेच पेलायचा.

रचनेचाही प्रश्न आहे. दाण्यांत छिद्रे नसतील तर हाड बाहेरूनच वाढेल. छिद्रे शंभर मायक्रॉनच्या वर हवीत, आणि रक्तवाहिन्या आत शिराव्यात असे वाटत असेल तर तीनशेच्या आसपास. अशी सलग छिद्रे समुद्रातल्या प्रवाळात आयतीच असतात. प्रवाळ असते कॅल्शियम कार्बोनेटचे. 1974 मध्ये अमेरिकेत रॉय आणि लिनेहान यांनी उष्ण पाणी, दाब आणि फॉस्फेट यांच्या साहाय्याने त्याची जाळी न मोडता त्याचे हायड्रॉक्सिअपेटाइट करून दाखवले. हे वाचताना गोव्यातल्या जुन्या घरांच्या शिंपल्यांच्या खिडक्या आणि शिंपले भाजून चुना करण्याची पद्धत आठवल्यावाचून राहिली नाही. शिंपले भाजले की कॅल्शियम ऑक्साइड, त्यावर फॉस्फेटची क्रिया केली की हाडाचे खनिज. बारावीच्या प्रयोगशाळेच्या आवाक्यातले रसायन आहे. शुद्धता आणि निर्जंतुकता मात्र त्या आवाक्यात नाही. प्रवाळाबद्दल बोलायचे तर आपल्या समुद्रातले प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहे, त्याला हात लावता येत नाही, आणि ते योग्यच आहे.

काचेची गोष्ट याहून अनपेक्षित. 1967 मध्ये फ्लोरिडा विद्यापीठाचे लॅरी हेंच हे काचतज्ज्ञ बसमधून जात असताना व्हिएतनामहून परतलेल्या एका लष्करी अधिकाऱ्याशी त्यांची गाठ पडली. शरीर नाकारणार नाही असे काही तुम्ही बनवू शकाल का, असे त्याने विचारले, कारण धातू आणि प्लास्टिक शरीर नाकारते आणि सैनिकांचे पाय कापावे लागतात. हेंच यांनी 1969 मध्ये जी काच तयार केली तिच्यात वजनाने 45 टक्के सिलिका, कॅल्शियम आणि सोडियम यांची ऑक्साइडे प्रत्येकी 24.5 टक्के आणि 6 टक्के फॉस्फरस पेंटॉक्साइड होते. शरीरातल्या द्रवात तिचा पृष्ठभाग विरघळू लागतो, त्यावर हाडासारख्या खनिजाचा थर जमतो आणि हाड तिला चिकटते. उंदराच्या हाडातून ती ओढून काढता येईना. तोपर्यंत शरीरात ठेवण्याच्या द्रव्याने शरीराशी काहीच देवाणघेवाण करू नये अशी समजूत होती. हेंच यांच्या काचेने ती उलटी केली. फिनलंडमध्ये विकसित झालेली अशीच एक काच विरघळताना भोवतालचे द्रावण इतके अल्कधर्मी करते की जंतूंना तग धरता येत नाही, म्हणून ती हाडाच्या जुनाट संसर्गात वापरतात.

प्रथिनांच्या वाटेवर मात्र मला उत्साहापेक्षा सावधपणा अधिक योग्य वाटतो. 1965 मध्ये लॉस एंजेलिसचे मार्शल युरिस्ट यांनी खनिज काढून टाकलेले हाड प्राण्यांच्या स्नायूत ठेवले, तर तिथे, म्हणजे जिथे हाडाचा संबंध नाही अशा जागी, नवे हाड तयार झाले. त्यामागची प्रथिने पुढे बीएमपी या नावाने ओळखली गेली, आणि त्यांपैकी एकाला 2002 मध्ये अमेरिकेत मणक्याच्या शस्त्रक्रियेसाठी परवानगी मिळाली. शरीर जे प्रथिन अत्यल्प प्रमाणात वापरते ते इथे मिलिग्रॅमच्या हिशेबाने, कोलॅजेनच्या स्पंजात भिजवून ठेवले जात होते. मानेच्या मणक्यांत वापरल्यावर गळा सुजून श्वास अडकल्याच्या तक्रारी आल्या आणि 2008 मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाला इशारा द्यावा लागला. 2013 मध्ये दोन स्वतंत्र गटांनी चाचण्यांचे मूळ आकडे पुन्हा तपासले, तेव्हा कमरेच्या हाडापेक्षा ठळक फायदा त्यांना आढळला नाही. उत्पादक कंपनीच्या पैशांवर झालेल्या सुरुवातीच्या अभ्यासांत हे चित्र नव्हते. हाडाचे बीज पेरल्यासारखी ही कल्पना अजूनही मला मोहवते. पण बातमीत ‘क्रांती’ हा शब्द दिसला की हे प्रकरण आठवते.

धातूंबद्दल थोडक्यात. टायटॅनियम हाडाशी एकजीव होते हे स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी 1952 मध्ये सशांवर प्रयोग करताना पाहिले, आणि 1965 पासून त्यावर दात बसवले जाऊ लागले. त्याचे खनिज असलेली इल्मेनाइटची काळी वाळू आपल्या शेजारच्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर आहे. अडचण ताठरपणाची आहे: पोलाद हाडाच्या सुमारे दहापट आणि टायटॅनियमचा मिश्रधातू पाच-सहापट ताठर असतो, त्यामुळे भार धातूच उचलतो आणि व्होल्फच्या नियमाने शेजारचे हाड विरळ होत जाते. त्रिमितीय छपाईने टायटॅनियमची जाळी करता येऊ लागल्यापासून हा ताठरपणा हवा तसा कमी करता येतो. 2011 मध्ये एका 83 वर्षांच्या बाईंना असा छापलेला अख्खा खालचा जबडा बसवण्यात आला. मॅग्नेशियम तर स्वतःच विरघळून जाते. बेल्जियमचे लांबोत यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मॅग्नेशियमची पट्टी पोलादी खिळ्यांनी बसवली होती. दोन धातूंची जोडी जमताच ती आठवड्याभरात झिजली आणि पायात हायड्रोजन वायू साठला. जर्मनीतल्या मॅग्नेशियम मिश्रधातूच्या स्क्रूला युरोपात मान्यता मिळायला त्यानंतर 2013 साल उजाडावे लागले. तेही लहान हाडांसाठी.

पुतण्याच्या बाबतीत यांतले काहीच कामाचे नव्हते. फट मोठी, संसर्ग होऊन गेलेला, आणि कमरेत तेवढे हाड नाही. त्याला रिंग, म्हणजे पायाभोवती बाहेरून कड्या आणि दांड्यांची चौकट, बसवली. सैबेरियातल्या कुर्गान गावी गावरिल इलिझारोव्ह यांनी 1950 च्या दशकात शोधलेली, आणि मिरजेच्या डॉ. जी. एस. कुलकर्णी यांच्यासारख्यांनी आपल्याकडे रुजवलेली ही पद्धत बाहेरून काहीच भरत नाही. निरोगी हाड वरच्या बाजूला मुद्दाम कापतात आणि मधला तुकडा रोज एक मिलिमीटर फटीकडे सरकवतात. मागे पडत जाणाऱ्या जागेत नवे हाड तयार होते. रिंगच्या दांड्यांचा आटा एक मिलिमीटरचा असतो, म्हणून दिवसातून चार वेळा पाव फेरा. वहिनी दहा नंबरचा पाना घेऊन बसायची, एका बाजूचा नट पाव फेरा सैल करायची, समोरचा तेवढाच घट्ट करायची आणि दांडीवर लाल शाईने केलेली खूण पुढे गेली का ते चष्मा कपाळावर चढवून पाहायची. वेग वाढवला तर मधे हाडाऐवजी तंतू येतात, कमी केला तर हाड वेळेआधीच जुळून बसते. पाच सेंटिमीटरच्या फटीला नुसते सरकवायलाच पन्नास दिवस लागतात, नवे हाड पक्के व्हायला त्याच्या दुपटीहून अधिक.

शेवटी जिथे तुकडा येऊन टेकला तिथे हाड जुळेना. तेव्हा डॉक्टरांनी कमरेचे थोडे हाड काढून त्यात ट्रायकॅल्शियम फॉस्फेटचे दाणे मिसळले. ओपीडीत त्यांनी मला तशी एक कुपी दाखवली होती: साबुदाण्याहून लहान, ओबडधोबड पांढरे दाणे, भिंगाखाली पाहिले तर सर्वत्र छिद्रे. “नुसते हे घालून भागत नाही काका,” ते म्हणाले, “हे रक्तात भिजले पाहिजे. आणि त्याला सिगारेट सोडायला सांगा, त्यावर माझ्याकडे द्रव्य नाही.” निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि हाड जुळणे लांबते.

आज संशोधन अडलेले आहे ते याच ठिकाणी. सांगाडा छापता येतो, पेशी वाढवता येतात, पण मोठ्या भरणाच्या मध्यापर्यंत रक्त वेळेत पोचले नाही तर पेशी मरतात. फ्रान्सच्या मास्केले यांनी यावर काढलेली युक्ती मला फार आवडते. ते फटीत आधी अक्रिलिकचे बोन सिमेंट भरतात. शरीर या परक्या वस्तूभोवती रक्तवाहिन्यांनी भरलेला पडदा तयार करते. सहा-आठ आठवड्यांनी पडदा उघडून सिमेंट काढायचे आणि त्या पिशवीत रुग्णाचे हाड भरायचे. 2004 मध्ये जर्मनीतल्या किएल इथे तर याहून धाडसी प्रयोग झाला: जबडा गमावलेल्या माणसाच्या पाठीच्या स्नायूत टायटॅनियमच्या जाळीचा साचा, हायड्रॉक्सिअपेटाइटचे ठोकळे, बीएमपी आणि त्याचीच अस्थिमज्जा ठेवली, सात आठवड्यांनी तयार झालेले हाड रक्तवाहिन्यांसकट उचलून तोंडात बसवले, आणि त्यानंतर नऊ वर्षांत पहिल्यांदाच त्याने पाव आणि सॉसेज चावून खाल्ले. अशी शस्त्रक्रिया सगळीकडे होणार नाही. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने हायड्रॉक्सिअपेटाइट आणि जैवक्रियाशील काच यांची भरणे देशातच तयार केली आहेत, आणि सामान्य रुग्णाच्या दृष्टीने मला ती बातमी छापलेल्या जबड्याहून मोठी वाटते. आपल्या कुणाला असे दाणे किंवा स्क्रू घातले असतील तर त्या वेष्टनावरचा, लॉट क्रमांक असलेला स्टिकर रुग्णालयाकडून मागून घ्यावा आणि फाइलमध्ये चिकटवून ठेवावा. काही वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरला एक्स-रेतल्या पांढऱ्या ठिपक्यांवरून आत नेमके काय आहे ते ओळखता येत नाही.