२४ तासांचा रिकॉल, मोखाड्यातली पेज आणि आमची कमिटी

एमएससीच्या प्रोजेक्टसाठी मोखाड्यात २४ तासांचा आहार रिकॉल करायचा होता, म्हणजे कालच्या दिवसात काय काय खाल्लं ते घरोघरी बसून विचारायचं. गाव छान, बायका भरभरून बोलायच्या, तिकडे काही अडलं नाही. अडलं ते आमच्याच एथिक्स कमिटीत, म्हणजे संशोधनाला मंजुरी देणाऱ्या समितीत.

फॉर्म पक्का शहरी, चपाती, भात, वाटीभर वरण. इथे लोक खाणार नागलीची (नाचणीची) भाकरी नि पेज. भाकरी घरागणिक लहानमोठी, आणि पेज एका घरी पाण्यासारखी तर शेजारी दाट, मग नुसतं "दोन वाट्या पेज" लिहून पोटात पीठ किती गेलं ते कसं कळणार? म्हणून घरातल्या वाट्या-पेले पाणी भरून मोजले, भाकऱ्या काट्यावर ठेवल्या, आणि ही मापं फॉर्ममध्ये घालू द्या म्हणून अर्ज केला. उत्तर आलं, प्रमाणित फॉर्म बदलला तर तो प्रमाणित राहत नाही. बरं, मग नागलीची पेज कुठे लिहू? तर "इतर"मध्ये. अख्खं गाव इतर!! मग कधी सही राहिली, कधी कोरम नाही, कधी पुढच्या मीटिंगला बघू, आणि तोवर पहिल्या पावसाची शेवळं (रानभाजी) येऊन गेलीसुद्धा, ती माझ्या डेटात नाहीत याचा राग अजून आहे.

शेवटी एका सीनियर ताईने सांगितलं, मूळ फॉर्मला हातच लावू नकोस, मापांचा तक्ता परिशिष्ट म्हणून जोड. सोबत हिशोबही दिला, जो एनएनएमबीवाले (राष्ट्रीय पोषण निरीक्षण ब्यूरो, देशभर आहार पाहण्या करणारे) आधीपासून करायचे तोच: घरात शिजवलेलं कच्चं किती, शिजून एकूण किती झालं, त्यातलं या माणसाने किती घेतलं. अर्धा किलो पिठाची ५ लिटर पेज झाली आणि बाई ६०० मिली प्यायली, तर तिच्या वाट्याला पीठ ६० ग्रॅम. पुढच्या मीटिंगला पास, एक प्रश्न नाही!

पेजेचं मात्र टोप रिकामा व्हायच्या आत जाऊन विचारा. आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशीच सगळी घरं उरकू नका, सुकट-मासळी जास्त दिसते. पोरं आईच्या ताटात जेवतात, त्यांचं वेगळं विचारायचं. अरे हो, एनआयएनच्या (राष्ट्रीय पोषण संस्था) कुठल्या पदार्थात किती पोषकतत्त्वं ते सांगणाऱ्या २०१७ च्या तक्त्यांत ५२८ पदार्थ आहेत पण सगळ्या रानभाज्या नाहीत, त्यांच्या जागी कुठली भाजी धरणार ते आधीच परिशिष्टात लिहून टाका, नाहीतर परत कमिटी.