दक्षिण लाओस: वाट फू, बोलावेनचे धबधबे आणि मेकाँगमधली बेटं

आपल्याकडून लाओसला जाणारे बहुतेक जण लुआंग प्रबांग, वांग वियांग, वियंतियान करून परत येतात. आम्ही उत्तर सोडलंच आणि पाक्से शहर धरून फक्त दक्षिण फिरलो. कारण एकच, वाट फू, म्हणजे डोंगराच्या कुशीतलं जुनं शिवाचं देऊळ. बाकी जे बघितलं ते सगळं सुंदर होतं पण वाट फू नसतं तर मी इतक्या लांब गेलो नसतो हे आधीच सांगून टाकतो.

पोचायचं कसं ते आधी. मुंबई-बँकॉक विमान, मग बँकॉकहून उबोन राचाथानी (विमानाने किंवा रात्रीच्या स्लीपर ट्रेनने, आम्ही ट्रेनने गेलो, अगदी आरामात झोपून) आणि तिथून बसने चोंग मेक-वांग ताओ बॉर्डर ओलांडून पाक्से. बस बॉर्डरवर थांबते, सगळे उतरून दोन्हीकडचे शिक्के मारून घेतात. लाओसचा व्हिसा भारतीयांना ऑन अरायव्हल मिळतो, त्यासाठी पासपोर्ट साइज फोटो आणि स्वच्छ, न दुमडलेले डॉलर जवळ ठेवा. ई-व्हिसा काढणार असाल तर तो कुठल्या बॉर्डरवर चालतो ते आधी नीट बघा, सगळीकडे चालत नाही. आणि याच वाटेने परत येणार असाल तर थायलंडमधे दोनदा एंट्री होते, तिकडचे नियम सारखे बदलतात, तेही तपासून घ्या.

आता वाट फू. पाक्सेपासून दक्षिणेला साधारण 40 किमी, चंपासाक गावाजवळ. इथे 'फू काओ' नावाचा डोंगर आहे आणि त्याच्या माथ्यावर एक नैसर्गिक सुळका उभा आहे, खालून बघितला की कोणीही सांगेल की हे शिवलिंग आहे. जुन्या लोकांनाही तेच वाटलं, म्हणून या डोंगराचं नावच लिंगपर्वत. सुई घराण्याच्या चिनी इतिहासातसुद्धा हे नाव सापडतं. म्हणजे इथे देव आधीपासून होता, देऊळ मागाहून आलं. आपल्याकडे स्वयंभू म्हणतात ना, तसं, फक्त इथे अख्खा डोंगरच स्वयंभू. पायथ्याच्या सपाटीवर पाचव्या शतकात एक शहर होतं, तिथे देवानिक राजाचा संस्कृत शिलालेख सापडलाय आणि त्यात त्याने इथे कुरुक्षेत्र नावाचं तीर्थ केल्याचं लिहिलंय. मेकाँगच्या काठावर कुरुक्षेत्र! हे वाचून गेलात तर नुसत्या शेतांकडेही वेगळ्या नजरेने बघाल, कारण त्या शहराचं आता जमिनीवर दिसण्यासारखं फार काही उरलेलं नाही.

आज जे बांधकाम दिसतं ते मुख्यतः 11व्या-12व्या शतकातलं, ख्मेर राजवटीतलं (अंगकोर बांधणारे तेच). खाली मोठे तलाव (बाराय), मग दोन्ही बाजूंना दगडी खांब असलेला सरळ रस्ता, डावी-उजवीकडे दोन मोठ्या चौसोपी इमारती, नंदीचा मंडप आणि मग चढ. पायऱ्या जुन्या आहेत, उंच आणि वेड्यावाकड्या, दोन्ही बाजूंना चाफ्याची म्हातारी झाडं. चाफा हे लाओसचं राष्ट्रीय फूल, आणि इथली झाडं इतकी वाकलेली आहेत की काही ठिकाणी त्यांनी पायऱ्याच उचलल्यात. गुडघ्यांचा त्रास असेल तर काठी न्याच, कठडा नाही आणि उतरताना जास्त त्रास होतो. सकाळी उघडल्या उघडल्या जा. देऊळ पूर्वेकडे तोंड करून आहे, उजेड तेव्हाच छान असतो आणि दहानंतर ऊन चटके देतं. तिकिटातच खालून बॅटरीची गाडी मिळते, जाताना ती घ्या, दम वरच्या चढासाठी राखून ठेवा. म्युझियमपण आधी बघा, लिंगं, नंदी आणि कोरीव दगड तिथे नीट बघायला मिळतात.

वरचं देऊळ आता बौद्ध आहे, आत पिवळी वस्त्रं पांघरलेल्या बुद्धमूर्ती, समोर उदबत्त्या, झेंडूच्या फुलांची सजावट. पण दारांवरच्या शिळा वाचा. ऐरावतावर इंद्र आहे, गरुडावर विष्णू आहे, कंसाला मारणारा कृष्ण आहे. आम्ही गाईड घेतला नव्हता, गरजच पडली नाही, या गोष्टी आपल्याला लहानपणापासून माहीत असतात. देवळामागच्या खडकात ब्रह्मा-विष्णू-महेश कोरलेत, मधे शिव.

आणि आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहितोय ते. देवळाच्या मागे कडा पुढे आलाय आणि त्याखाली एक झरा आहे. थेंब थेंब पाणी खडकातून पाझरतं. जुन्या काळी हे पाणी दगडी पन्हळीतून मागच्या विटांच्या गाभाऱ्यात नेलेलं होतं, थेट लिंगावर. कोणी घडे भरून आणायची गरज नाही, लिंगपर्वताचं पाणी लिंगावर, दिवसरात्र अभिषेक चालू. आता गाभाऱ्यात लिंग नाही, पण झरा आहे. एक आजी प्लास्टिकच्या बाटलीत पाणी धरत होत्या, त्यांनी थोडं नातवाच्या डोक्यावर शिंपडलं आणि मग आम्हालाही हाताने खूण करून बोलावलं. मी तिथे बराच वेळ बसून राहिलो. निसर्ग वेगळा आणि पुरातत्त्व वेगळं असं टूर कंपन्यांच्या पत्रकात असतं, इथे ते वेगळं करताच येत नाही, डोंगर काढला तर देवळाला अर्थ नाही.

थोडं उत्तरेला चालत गेलात तर मोठ्या शिळेवर हत्ती कोरलाय आणि एक मगरीच्या आकाराचा खोदलेला दगड आहे. त्या चिनी इतिहासात नरबळीचा उल्लेख असल्यामुळे या दगडाशी त्याची सांगड घालतात, पण ठोस पुरावा काही नाही. वाट फू 2001 पासून जागतिक वारसा यादीत आहे, आणि डागडुजीच्या कामात आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचाही हात आहे, याचा मनापासून अभिमान वाटला. कृपा करून अर्ध्या दिवसात उरकू नका. चंपासाक गावातच मुक्काम करा, नदीकाठी साधी गेस्टहाऊसेस आहेत.

बोलावेन पठार पाक्सेच्या पूर्वेला, हजार मीटरच्या वर, ज्वालामुखीची लाल माती आणि कॉफीचे मळे. कॉफी फ्रेंचांनी आणली. हिवाळ्यात गेलात तर घरोघरी अंगणात कॉफीची फळं वाळत घातलेली दिसतात. ताड फान हा जोडधबधबा शंभराहून जास्त मीटर खोल दरीत पडतो, तो समोरच्या टोकावरून बघायचा. जवळच्या ताड युआंगला मात्र पायऱ्यांनी खाली उतरता येतं, तुषार अंगावर येतात. बरेच जण स्कूटर भाड्याने घेऊन पठाराला गोल फेरी (लूप) मारतात, पण गाडी उजव्या बाजूने चालवायची असते आणि दुचाकीचं इंटरनॅशनल लायसन्स नसेल तर अपघातात इन्शुरन्स हात वर करतो, म्हणून आम्ही ड्रायव्हरसकट गाडी केली. पठारावरच्या पाक्सोंग गावात सकाळी चांगलीच थंडी असते, जॅकेट हवं. पठाराच्या पूर्व भागात व्हिएतनाम युद्धातले न फुटलेले बॉम्ब अजून आहेत, तेव्हा मळलेली वाट सोडून रानात शिरू नका.

सी फान दोन म्हणजे मेकाँगमधली चार हजार बेटं (लाओ भाषेत 'दोन' म्हणजे बेट). पाक्सेहून नाकासांगला गाडीने जायचं आणि तिथून होडीने 'दोन देत' बेटावर. आम्ही शेजारच्या 'दोन खोन'ला राहिलो, जास्त शांत आहे. सायकल घ्या आणि फ्रेंचांच्या छोट्या रेल्वेचा जुना पूल आणि गंजलेलं इंजिन बघा. इथल्या धबधब्यांमुळे बोटी वर जाऊ शकत नव्हत्या, म्हणून 1893 मधे रूळ टाकून त्या बेटावरून ओढून नेल्या. हे वाचून मग ली फी आणि खोन फाफेंग हे धबधबे बघितले की कळतं असं का करावं लागलं. खोन फाफेंगची उंची फार नाही, पण पाण्याचा तो रेटा मी कुठेच बघितलेला नाही. डॉल्फिन दाखवतो म्हणून कोणी होडीवाला मागे लागला तर नको म्हणा, लाओसच्या बाजूचे डॉल्फिन 2022 मधे संपले. बघायचेच असतील तर पुढे कंबोडियात क्रातीला.

शाकाहारी लोकांसाठी: पपईच्या सॅलडमधे आंबवलेल्या माशाचं पादेक असतं, 'बो साय पादेक, बो साय नाम पा' असं सांगायचं, म्हणजे पादेक घालू नका, नाम पा (माशाचा सॉस) घालू नका. चिकट भात, भाज्या, फळं सगळीकडे मिळतात. कॅश पाक्सेतच काढून ठेवा, बेटांवर एटीएमच्या भरवशावर राहू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात बरा काळ, धबधबे भरलेले हवे असतील तर नोव्हेंबरची सुरुवात. माघ पौर्णिमेच्या सुमाराला वाट फूची मोठी जत्रा असते, तेव्हा जाणार असाल तर राहायचं आधीच बुक करा.

ज्यांना कंबोडियातलं अंगकोरपण करायचंय त्यांनी वाट फू आधी करा, अंगकोर नंतर. बेटांवरून सिएम रीपला (अंगकोरजवळचं शहर) व्हॅन जातात, अख्खा दिवस जातो, बॉर्डरवर वेळ लागतो, कंबोडियाचा व्हिसा वेगळा. पण अंगकोर आधी बघितलंत तर वाट फू लहान वाटेल आणि तुम्ही घाईघाईत वर जाऊन फोटो काढून खाली याल, झरा बघायचा राहून जाईल.