पैसे कापले गेले, ऑर्डर मात्र ‘बाकी’: वेबहुक लावतानाचा माझा अनुभव

देवगडच्या एका बागायतदारांची हापूसच्या पेट्या विकणारी छोटी वेबसाइट मी सांभाळतो. ऐन हंगामात त्यांचे फोन सुरू झाले. "अहो, गिऱ्हाइकाचे पैसे कापले गेलेत, तो स्क्रीनशॉट पाठवतोय, मग तुमच्या यादीत ऑर्डर बाकी का दिसते?"

कारण लगेच सापडलं. यूपीआयने पैसे भरणारा माणूस दुसऱ्या ॲपमध्ये जातो, पिन टाकतो, हिरवी खूण दिसली की फोन खिशात घालतो. ब्राउझरकडे तो परत येतच नाही. साइटला मात्र पैसे मिळाल्याचं कळत होतं ते परत आलेल्या ब्राउझरकडूनच. तेव्हा हा निरोप गेटवेकडून, म्हणजे ऑनलाइन पैसे स्वीकारून देणाऱ्या सेवेकडून, थेट आमच्या सर्व्हरला यायला हवा होता. अशा आपोआप येणाऱ्या निरोपाच्या सोयीलाच वेबहुक म्हणतात.

गेटवे रेझरपेचा. त्यांच्या डॅशबोर्डवर आपल्या सर्व्हरचा पत्ता द्यायचा, एक सिक्रेट (फक्त दोघांना माहीत असलेला गुप्त शब्द) ठरवायचं, हवे ते इव्हेंट, म्हणजे ज्या घटनांचे निरोप हवेत त्या, निवडायचे. मी ‘पेमेंट कॅप्चर्ड’ (पैसे मिळाले) आणि ‘पेमेंट फेल्ड’ (व्यवहार फसला) घेतले. आपला प्रोग्राम गेटवेशी बोलताना वापरतो त्या एपीआय कीपेक्षा हे सिक्रेट वेगळं असतं, आणि टेस्ट (चाचणी) व लाइव्ह (खरे व्यवहार) मोडची वेबहुक वेगवेगळी लावावी लागतात. आपल्या लॅपटॉपवरच्या लोकलहोस्टपर्यंत बाहेरून कुणी पोचू शकत नाही, म्हणून चाचणीपुरता एनग्रॉकचा बोगदा उघडला, म्हणजे लॅपटॉपला बाहेरून पोचता येईल असा तात्पुरता पत्ता घेतला. साइट जँगो या पायथनच्या फ्रेमवर्कमध्ये असल्याने पहिलंच उत्तर ४०३, म्हणजे ‘परवानगी नाही’, असं आलं. जँगो माहिती पाठवणाऱ्या प्रत्येक पोस्ट विनंतीकडे सीएसआरएफ टोकन (विनंती आपल्याच पानावरून आल्याची खूण) मागतो आणि गेटवेकडे ते असणं शक्य नाही. तेवढ्या एका पत्त्याला सूट दिली.

सूट दिली की दार सगळ्यांनाच उघडं. ‘या ऑर्डरचे १,८५,००० पैसे जमा झाले’ असं कुणीही लिहून पाठवू शकतो (रक्कम पैशांतच येते, म्हणजे १,८५० रुपये). म्हणून सही तपासायची. निरोपाचा मजकूर आणि सिक्रेट यांतून एचमॅक शा-२५६ (ठरावीक गणिताने निघणारी सही) काढायचा आणि हेडरमधल्या, म्हणजे निरोपासोबतच्या माहितीतल्या, सहीशी ताडून पाहायचा. सगळ्यात जास्त वेळ इथे गेला, आणि तो द्यायलाच हवा होता. सही असते ती आलेल्या कच्च्या बाइट्सची. निरोप ज्या मांडणीत येतो ते जेएसन एकदा उलगडून पायथनने पुन्हा बांधलं, की प्रत्येक कोलन आणि स्वल्पविरामापुढे एकेक मोकळी जागा येते. गिऱ्हाइकाने नोंदीत ‘पेटी शेजारी द्या’ असं मराठीत लिहिलं असेल, तर त्या अक्षरांच्या जागी यूनिकोडचे आकडे येतात. मजकुराचा अर्थ तोच, पण सही पार वेगळी. त्यामुळे रिक्वेस्टची बॉडी आली तशी घ्यायची, आधी सही तपासायची आणि मगच जेएसन उघडायचं. ताडून पाहायलाही साधं ‘बरोबर’ चिन्ह न वापरता ‘कम्पेअर डायजेस्ट’ वापरायचं, म्हणजे तुलनेला लागणाऱ्या वेळेवरून सहीचा अंदाज बांधता येत नाही.

पुढचा प्रश्न उत्तराच्या वेळेचा. गेटवेला ५ सेकंदांत २००, म्हणजे ‘मिळालं’ असं उत्तर, हवं असतं, नाहीतर तो निरोप पोचला नाही असं धरून पुन्हा पाठवतो, तेही २४ तासांपर्यंत, अंतर वाढवत. आमच्याकडे ऑर्डर पक्की झाली की बिलाची पीडीएफ बनते, एसएमएस जातो, पेट्यांचा साठा कमी होतो. हे सगळं त्या पाच सेकंदांत उरकायला जाणं धोक्याचं. टपालखात्यात आवक नोंदवहीत आधी नोंद होते आणि कागद मग टेबलावर जातो, तसंच इथे ठेवलं. सही जुळली की निरोप जसाच्या तसा एका टेबलात लिहायचा, २०० द्यायचं, बाकीचं काम सेलरी (मागे रांगेने कामं उरकणारं साधन) मागाहून करतं.

याच टेबलाने दुसरी अडचणही सोडवली. एकच निरोप दोनदा येऊ शकतो. प्रत्येकासोबत हेडरमध्ये इव्हेंट आयडी असतो, त्या रकान्यावर युनिक अट (एक आयडी एकदाच) घातली. दुसऱ्यांदा आला तर डेटाबेसच नाकारतो. आपण तरीही २०० द्यायचं, नाहीतर तो येतच राहील. क्रमाचाही भरवसा नसतो. पहिला प्रयत्न फसला, दुसऱ्यात पैसे गेले, पण ‘फेल्ड’चा निरोप उशिरा पोचला, असं होतं. म्हणून एकदा ‘पैसे मिळाले’ झालेली ऑर्डर मागे जाऊ द्यायची नाही, हा नियम कोडमध्ये पक्का बसवला.

आणि निरोप आलाच नाही तर? सर्व्हरच बंद असेल तर? त्यासाठी बाकी दिसणाऱ्या ऑर्डरींची स्थिती दर १५ मिनिटांनी एपीआयला विचारणारं छोटं काम लावलं. माझ्या मते हे नसेल तर वेबहुक अर्धंच लागलं.

पुढे कोड आपोआप सर्व्हरवर चढावा म्हणून, कोड जिथे ठेवतो त्या गिटहबचं वेबहुकही याच पद्धतीने घेतलं. सही तिथेही शा-२५६ चीच, पण उत्तराला १० सेकंद मिळतात आणि फसलेला निरोप गिटहब आपणहून परत पाठवत नाही. डिलिव्हरींच्या यादीत जाऊन तो स्वतः पुन्हा पाठवायला सांगावा लागतो, तेही ३ दिवसांच्या आत. त्यामुळे कुठलंही नवं वेबहुक घेताना मी आता आधी रिट्रायचे (पुन्हा पाठवण्याचे) नियम वाचतो आणि मगच कोडला हात लावतो.